दोन लाल टिकल्या

१

उंदरानं कुरतडली असती, तर पुष्पा भोये उंदराला चार शिव्या घालून मोकळ्या झाल्या असत्या. पण ही पानं माणसानं फाडली होती. शिवणीशी अंगठा दाबून, सावकाश. रजिस्टरमध्ये दोन ठिकाणी कागदाच्या दातेरी कडा उरल्या होत्या, एक सुरुवातीला आणि एक पार शेवटाकडे.

“सुनिता, हे कधी झालं?”

खैरपाड्याची आशा सेविका सुनिता अंगणवाडीच्या दाराशी उभी होती. तिचं तोंड पांढरंफटक पडलं. “ताई, आईशप्पत, मला आत्ताच दिसतंय!”

पुष्पाबाई तालुक्याच्या दवाखान्यात रक्त तपासायच्या. सत्तावीस वर्षं झाली. सूर्यमाळच्या अंगाला जेवढे पाडे आहेत, तेवढ्यांच्या बोटांना त्यांची सुई लागलेली. त्या सुईला लोक भीत नसत, जिभेला भीत. आणि हे रजिस्टर त्यांच्या जिवापलीकडचं होतं. दोन वर्षांपूर्वी पाड्यातल्या चारशे माणसांची सिकलसेलची तपासणी झाली, तिची ही एकुलती एक नोंद. दवाखान्यात नुसते नमुन्यांचे नंबर, नावं इथं. ऑनलाइन भरायचं म्हणत म्हणत राहून गेलेलं, कारण पाड्यावर रेंज नाही.

सिकलसेल म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकतात आणि नसांत अडकून बसतात. माणूस हाडं धरून तळमळतो. ज्याला आजार नाही त्याला पांढरं कार्ड. जो स्वतः धडधाकट, पण पुढच्या पिढीला आजार देऊ शकतो, त्याला पिवळं. आजारी माणसाला लाल. रजिस्टरातही नावापुढे त्याच रंगाची टिकली चिकटवलेली. अख्ख्या खैरपाड्यात लाल टिकल्या दोनच होत्या. एक धाकली नावाच्या बाईची, दुसरी नऊ वर्षांच्या कमूची.

कमू गेल्या साली गेली. तिचे आईबाप दोघंही पिवळे. त्यानंतर पाड्यानं स्वतःच नियम केला. लग्न ठरताना दोन्ही घरांतल्या सगळ्यांची कार्डं सुपात मांडायची आणि चार माणसांत वाचायची. पिवळ्याला पिवळं द्यायचं नाही. पुष्पाबाईंनी ही रीत जिथंतिथं नावाजली होती. तिचाच पुढे फास होईल, हे त्यांच्या डोक्यातही आलं नव्हतं.

आज त्या आल्या होत्या धाकलीचं हरवलेलं लाल कार्ड नव्यानं करून द्यायला. त्याला रजिस्टरचा नंबर लागतो. धाकलीचा मुलगा नीलेश याचा साखरपुडा पुढच्या शनिवारी. मुलगी जामसरची चंदा, पिवळ्या कार्डाची. नीलेशचं कार्ड पांढरं, म्हणजे काळजी नव्हती. पण चंदाचा बाप देवजी गुरुजी अडून बसला होता. नियम तो नियम. नवऱ्याच्या घरातलं एक जरी कार्ड कमी असलं, तरी सुपारी फुटणार नाही.

कार्ड शिमग्यापासून गायब. आता पानंही गायब. आणि शनिवारला नऊच दिवस उरले होते.

२

“कपाटाची किल्ली कोणाकडं?” पुष्पाबाईंनी विचारलं.

“माझ्याकडं. पण ताई, मंगळवारी लसीकरण असतं. त्या दिवशी रजिस्टर टेबलावरच असतं. निम्मा पाडा येऊन जातो.”

“कोण कोण येऊन गेलं गेल्या मंगळवारी?”

सुनितानं बोटांवर मोजत आठवलं. पोरं घेऊन आलेल्या बाया होत्याच. नीलेश पंख्याची वायर जोडायला आला होता. देवजी गुरुजी नियमाची खातरजमा करायला आले होते. धाकली अंग दुखतंय म्हणून घटकाभर बाकावर पडली होती.

“आणि तुम्ही शिमग्याला बायांची बैठक घेतली, तेव्हापासून रजिस्टर बघायला कोणी ना कोणी येतंच. तुमचे ते दाणे सगळ्यांच्या डोक्यात बसलेत.”

पुष्पाबाईंना ती बैठक आठवली. त्यांनी पांढरी चवळी आणि काळे उडीद नेले होते. प्रत्येक माणसाकडं या रक्ताचे दोन दाणे असतात, त्यांनी सांगितलं होतं, त्यातला एक तो आपल्या पोराला देतो. दोन्ही पांढरे तो निरोगी. एक काळा, एक पांढरा तो पिवळ्या कार्डाचा. दोन्ही काळे तो आजारी.

तेव्हा एक म्हातारी म्हणाली होती, “आईचं पोरींना लागतं, बापाचं पोरग्यांना.” पुष्पाबाईंनी तिला तिथंच थांबवलं होतं. माणसाच्या पेशीत गुणसूत्रांच्या तेवीस जोड्या असतात. मुलगा की मुलगी हे शेवटची जोडी ठरवते. बाकीच्या बावीस जोड्या बाईत आणि बाप्यात सारख्याच, त्यांना ऑटोसोम म्हणतात. हा आजार त्यातल्या अकराव्या जोडीवर बसलेला. त्यामुळं पोरगा असो की पोरगी, एक दाणा आईचा आणि एक बापाचा. त्यातून कोणाची सुटका नाही.

“आणि धाकलीनं काय विचारलं होतं, आठवतं?” सुनिता म्हणाली. “ज्याच्याकडं दोन्ही काळे, तो पांढरा कुठून देयाचा? सगळ्या हसल्या होत्या.”

पुष्पाबाई हसल्या नव्हत्या. तेव्हा त्यांनी तिला शाबासकी दिली होती. सही करता येत नाही, अंगठा उमटवते, पण बाईचं डोकं बघा, असं म्हणाल्या होत्या.

देवजी गुरुजी जामसरला ओसरीवर भेटले. तीस वर्षं आश्रमशाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेला सरळ, ताठ माणूस.

“मला हे स्थळ मोडायचं असतं, तर मी तोंडावर सांगितलं असतं,” ते म्हणाले. “पानं फाडायला मी काय चोर आहे? पण एक सांगतो भोये मॅडम, कार्ड हरवतं, मग पानंही हरवतात, म्हणजे त्या घरात काहीतरी लपवायचं आहे. माझी एकुलती एक पोर आहे. मी डोळे मिटून देणार नाही.”

बोलणं चुकीचं नव्हतं, आणि तेच पुष्पाबाईंना झोंबलं. पानं गेली म्हणजे घरादाराचं रक्त पुन्हा घेणं आलं. त्यांनी त्याच दिवशी धाकलीचा नवरा लहान्या, धाकली आणि नीलेश यांचं रक्त घेतलं आणि जिल्ह्याच्या मोठ्या मशीनवर पाठवलं. नीलेश पिवळा निघाला तर गुरुजींचा संशय खरा ठरणार होता.

पाच दिवसांनी अहवाल आला. त्यांनी तो दोनदा वाचला.

३

नीलेश पांढराच होता. स्वच्छ, निर्मळ पांढरा.

लहान्या पांढरा. धाकली लाल.

आजवर हे कोणी जुळवून पाहिलं नव्हतं. चारशे नमुन्यांत कोण कोणाचा मुलगा हे कोण बघतं? त्यांनी नमुने उलटसुलट झालेत का ते पाहिलं. झाले नव्हते, चिठ्ठ्या त्यांनीच स्वतःच्या हातानं लावल्या होत्या. थॅलेसेमियासारखा दुसरा एखादा दोष आईच्या एका दाण्यात लपला असेल, आणि तोच मुलाला मिळाला असेल, ही एक पळवाट होती. मशीनच्या आकड्यांनी तीही बंद केली.

आजार शेवटच्या जोडीवरचा असता, तर मुलगा आणि मुलगी यांचा हिशेब वेगळा झाला असता. पण अकरावी जोडी ती अकरावी जोडी. धाकलीकडं दोन्ही दाणे काळे. तिच्या पोटच्या पोराला एक काळा दाणा मिळालाच पाहिजे. तो पिवळा असेल किंवा लाल असेल, पांढरा असूच शकत नाही.

बापाबद्दल लोक कुजबुजतात, ते पुष्पाबाईंनी सत्तावीस वर्षांत पुष्कळ ऐकलं होतं. आईबद्दल संशय येण्याची ही पहिलीच वेळ. नीलेश धाकलीच्या पोटचा नव्हता.

म्हणजे फाडलेलं पान आजार लपवत नव्हतं. ते नातं लपवत होतं. सुपात लाल कार्डाशेजारी पांढरं कार्ड आलं असतं, तर तीस वर्षं विज्ञान शिकवलेल्या माणसाला दोन क्षण पुरले असते.

हे आणखी कोणाला कळलं होतं? त्या तडक औषधांच्या खिडकीशी गेल्या. धाकलीच्या गोळ्या दर महिन्याला लाल कार्ड दाखवूनच मिळतात. कार्ड शिमग्यापासून गायब आहे. मग गेल्या महिन्याच्या गोळ्या?

वहीत नोंद होती. शिमग्यानंतर अकराव्या दिवशी गोळ्या दिल्या. कार्ड पाहिले. खाली ठसठशीत सही होती, नीलेशची.

४

नीलेश मोटारी दुरुस्त करायचा. मोखाड्याच्या रस्त्यावर त्याचं पत्र्याचं दुकान होतं. पुष्पाबाईंनी वहीतल्या सहीचा फोटो समोर धरला, तसा त्याच्या हातातला पाना खाली पडला.

“कार्ड कुठंय?”

त्यानं मुकाट्यानं गल्ल्याखालून प्लास्टिकची पिशवी काढली. लाल कार्ड नीट घडी घालून ठेवलं होतं.

“आईच्या गोळ्या बंद पडू दिल्या नाहीत मी,” तो म्हणाला. “कसमसे, एक दिवससुद्धा.”

“ते दिसलं मला. लपवलंस का?”

नीलेशनं हात पुसले.  “बारावीला जीवशास्त्रात होतं, मॅडम. फळ्यावर चौकट काढायची, आईचे दोन, बापाचे दोन. बाईंनी सांगितलं, कुठलंही घर घ्या आणि भरा. कार्डं आल्यावर एकदा मी आमचं भरलं. तीनदा भरलं.” तो पुढे म्हणाला, “आईला ठाऊक नाही मला कळलंय ते. तिला कळलं तर ती मोडून पडेल. सुपात वाचलं असतं, तर गुरुजींनी सगळ्यांसमोर विचारलं असतं, हा कोणाचा? माझं लग्न मोडलं तर मोडो. पण तिला चार माणसांत मान खाली घालायला लावू?”

पुष्पाबाईंची जीभ सवयीनं चालली. “आणि रजिस्टरची पानं? सरकारी कागद फाडलास, तुरुंगात जाशील.”

“पानं?” तो खरंच चकित झाला. “पानं मी नाही फाडली. पंखा जोडला आणि निघालो. किती पानं?”

“दोन. एक सुरुवातीचं, एक शेवटाकडचं.”

“मला आईचं फाडायचं असतं, तर नाव वाचून एकच फाडलं असतं. दुसरं कोणाचं?”

पुष्पाबाई उत्तर द्यायला गेल्या आणि थबकल्या. शेवटाकडं वरच्या वाडीची घरं होती. तिथं कमूचं घर. सगळ्या रजिस्टरात लाल टिकल्या दोन, आणि फाडलेली पानंही दोन. ज्याला वाचता येतं, तो मेलेल्या पोरीचं पान कशाला फाडेल? फाडणाऱ्याला लाल रंग तेवढा ओळखू येत होता. कोणती टिकली कोणाची, हे त्याला वाचता येत नव्हतं. म्हणून त्यानं दोन्ही नेली.

सुनिताला वाचता येतं. गुरुजींना येतं. नीलेशला येतं.

त्यांनी नीलेशकडं पाहिलं. नीलेश त्यांच्याकडं बघतच नव्हता. तो त्या लाल कार्डाकडं बघत होता.

“दोन लाल,” तो हळूच म्हणाला. “मॅडम, तुमच्या त्या दाण्यांच्या बैठकीला आई गेली होती ना?”

पुष्पाबाईंनी फोन पिशवीत टाकला. दुसऱ्याचं गुपित त्यांच्या तोंडून आजवर कधी फुटलं नव्हतं. पण पोरगा हुशार होता.

५

धाकली विहिरीवर होती. चैत्राचं ऊन, विहिरीच्या तळाशी गढूळ पाणी आणि डबे घेऊन बसलेल्या बाया. हिच्या आजाराला पाणी भरपूर लागतं, नाहीतर कळा सुरू होतात, आणि हिच्याच नशिबी हा डोंगर! दोन डबे भरायला सकाळ जायची. पुष्पाबाईंनी तिला बाजूला, मोहाच्या झाडाखाली नेलं.

“धाकले, पानं दे.”

धाकलीनं नाही म्हटलं नाही. घरी जाऊन नागलीच्या कणगीत हात घातला आणि फडक्यात बांधलेले दोन कागद आणून दिले.

“चुलीत का नाही घातलेस?”

“नाव हाय ना त्याच्यावं माणसाचं. नाव जाळू कसं, बाय? आन् कंचं माझं, कंचं दुसऱ्याचं, मला काय कळतंय? लाल दिसलं, घेतलं.”

दुसरं पान कमूचं आहे, हे पुष्पाबाईंनी सांगितलं, तेव्हा तिनं तो कागद दोन्ही हातांनी परत मागितला. पदरानं पुसला आणि मग पुन्हा दिला.

“तुझ्या दाण्यांनीच घात केला,” ती म्हणाली. त्यात राग नव्हता. “माझ्याकडं दोन्ही काळे. पोऱ्याकडं दोन्ही पांढरे. आता हे गुरुजी वाचतील, पोऱ्या वाचंल. म्हनलं, पानच नको.”

मग तिनं सगळं सांगितलं. तेवीस वर्षांपूर्वी ती आणि लहान्या खाडीकडं वीटभट्टीवर गेले होते. तीन पोरं आधीच गेलेली. चौथं भट्टीवर जन्मलं, ते रडलंच नाही. आठ दिवसांनी शेजारच्या झोपडीतली सुकी बाळंत झाली. सुकी कुठली, कोणाची, कोणालाच ठाऊक नव्हतं. नवरा आधीच निघून गेलेला. तिसऱ्या दिवशी ती तापानं गेली.

“पोर रडत होतं, आन् माझ्या अंगावर दूध होतं. मी पदराखाली घेतलं. लहान्या म्हनला, आपलाच. पाडा सोडताना पोट समद्यांनी बघितलेलं, येताना पोर बघितलं. कोन इचारनार?” तिनं पुष्पाबाईंचा हात धरला. “बाय, खरं सांग. त्याच्यात माझा एकबी दाना नाय ना?”

पुष्पाबाईंनी सत्तावीस वर्षांत कोणाला खोटा अहवाल दिला नव्हता.

“नाही,” त्या म्हणाल्या. “एकही नाही.”

धाकलीनं डोळे मिटले. गालांवरून पाणी ओघळलं. पण बोलली तेव्हा आवाज सुटल्यासारखा होता. “मंग चंदाची पोरं वाचतील. माझ्या पोटचा असता, तं त्यानं माझा काळा दाना तिच्या घरात नेला असता.”

ते खरं होतं. पुष्पाबाईंनी दोन्ही पानं पिशवीत ठेवली.

६

त्याच संध्याकाळी त्या जामसरला गेल्या आणि गुरुजींसमोर उभ्या राहिल्या.

“कार्ड सापडलं, पानं सापडली. लपवलेला आजार नाही. मी मुलाचं रक्त पुन्हा तपासून घेतलंय, पांढरं आहे. पण सुपात दोनच कार्डं मांडायची, नवऱ्याची आणि नवरीची.”

“नियम तुम्हीच नावाजला होता, मॅडम.”

“चुकलं माझं,” पुष्पाबाई म्हणाल्या. आयुष्यात हे त्यांनी फार कमी वेळा म्हटलं होतं. “रक्त ज्याचं त्याचं असतं. संसार करायचाय या दोघांना. बाकी कोणाचं रक्त चार माणसांत वाचायचा अधिकार तुम्हाला नाही आणि मलाही नाही. चंदाच्या पोरांना हा आजार होणार नाही, हे मी लिहून देते. आणखी काय पाहिजे तुम्हाला?”

 गुरुजी आत वळून चंदाला म्हणाले, “मॅडमना चहा टाक.”

शनिवारी सकाळी, पाहुणे यायच्या आधी, पुष्पाबाई लहान्याच्या ओटीवर रजिस्टर उघडून बसल्या. फाटकी पानं पुन्हा लिहून घ्यायची होती. लहान्याचं नाव झालं होतं. धाकली खांबाला टेकून बसली होती, अंग चोरून. नीलेश नव्या सदऱ्यात उभा होता.

पुष्पाबाईंनी आदल्या दिवशीच ठरवलं होतं. आईची नोंद एका पानावर करायची, मुलाची पार दुसरीकडं. कोणी सहज चाळलं, तरी नजरेस पडायचं नाही. त्या पानं उलटत पुढे जाऊ लागल्या, तशी नीलेशनं मधेच हात घातला.

“मॅडम, पुढे नको. बाबांच्या खाली आईचं लिहा. आईच्या खाली माझं. एकाच पानावर.”

धाकलीची मान झटकन वर आली.

“नीलेश,” पुष्पाबाई सावकाश म्हणाल्या, “नीट विचार करून सांग.”

“दोन वर्षं विचारच केलाय.” तो आईकडं वळला आणि तिच्या गुडघ्यापाशी खाली बसला. “आई, दुसऱ्यांदा फाडू नकोस. मला आधीपासून ठाऊक हाय.”

 धाकलीनं त्याचं डोकं दोन्ही हातांनी ओढून पोटाशी धरलं आणि मोठ्यानं रडली. आतून लहान्या धावत आला, आणि काय झालंय ते न विचारताच त्यालाही कळलं.

पुष्पाबाईंनी धाकलीच्या नावापुढे लाल टिकली लावली. तिच्या खाली नीलेशच्या नावापुढे पांढरी. एक रकाना उरला होता, नात्याचा. त्यांनी पेन टेकवलं आणि लिहिलं, मुलगा.

“हे काय लिवलं?” धाकलीनं विचारलं.

नीलेशनं तिचं बोट धरलं, त्या शब्दावर ठेवलं आणि तिला वाचून दाखवलं.